चिठ्ठ्या लिहिणारा

झाक्सनीतल्या टेकडीखालच्या आमच्या गावात
लग्न ठरवायला आईबाप लागत नसत.
मंडळाच्या टेबलावर चामड्याची एक नळी,
नळीत गुंडाळलेल्या तीन चिठ्ठ्या:
होय, नाही, आणि एक कोरी,
म्हणजे आत्ता नको, पुन्हा विचारा.
प्रार्थना व्हायची, वडीलधारा हात घालायचा,
कौल निघायचा.

चिठ्ठ्या मी लिहायचो.
मी, ट्राउगोट, विणकराचा मुलगा,
अक्षर बरं म्हणून सोळाव्या वर्षी कारकून झालेला.
लोक ज्याला विधिलिखित म्हणत
ते माझ्या अक्षरात असे.
शाईसुद्धा मीच उकळलेली.

त्या डिसेंबरात मेल्खिओर सुताराला ग्रीनलंडला निघायचं होतं.
तिकडं बायकोशिवाय धाडत नसत.
नाव पुढं आलं सालोमेचं.
सालोमे, भगिनीगृहातली,
ताग्यातला तुटका धागा अंधारात बोटांनी शोधणारी,
हसताना तोंडावर हात न ठेवणारी.
तिच्याशी मी तोवर चार वाक्यं बोललो होतो,
त्यातली दोन मेणबत्त्यांच्या हिशेबाची.

त्या रात्री मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या.
नाही.
नाही.
नाही.

वाळू टाकून शाई टिपली. हात थरथरला नाही,
त्याचीच नंतर भीती वाटली.

सकाळी कौल निघाला. "प्रभूची इच्छा," सगळे म्हणाले.
उरलेल्या दोन मी बाहीत सरकवल्या
आणि पुढच्या नावासाठी खऱ्या तीन ठेवल्या.
आपोलोनिया. होय.

वसंतात ती गेली, लोकरी मोज्यांचे सहा जोड घेऊन.
दुसऱ्या हिवाळ्यात वारली.
पत्र यायला चौदा महिने लागले,
म्हणजे वर्षभर आम्ही
मेलेल्या बाईच्या तब्येतीसाठी प्रार्थना करत होतो.

मग माझा हिशेब सुरू झाला.
खऱ्या चिठ्ठ्या असत्या तरी सालोमेला 'नाही'च निघालं असतं कदाचित,
मग मी काहीच केलं नाही.
'होय' निघालं असतं,
तर त्या बर्फाखाली ती असती,
मग एकीला वाचवलं आणि एकीला धाडलं, ते मीच.
आणि देवाला माझी लबाडी आधीच ठाऊक असेल
तर ती लबाडीही त्याच्याच नळीतली.
हे शेवटचं मला फार सोयीचं वाटे.
सोयीचं वाटे म्हणूनच झोप येत नसे.

तीन वर्षांनी मी स्वतः अर्ज केला, सालोमेसाठी.
या खेपेला चिठ्ठ्या सचोटीने लिहिल्या,
तिन्ही गुंडाळ्या सारख्याच घट्ट.
निघालं 'नाही'.
मान्य केलं.
मी मान्य करणार नाही तर कोण?

आता लग्नासाठी नळी काढत नाहीत.
परवा भगिनीगृहाच्या परसात
तागाच्या चादरी वाळत होत्या.
सत्तरी उलटलेल्या तिला, सत्तरी उलटलेल्या मी
सगळं सांगून टाकलं.
तिने एका चादरीचं टोक माझ्या हाती दिलं,
दुसरं स्वतः धरलं.

"मेल्खिओरला मी नाहीच म्हणणार होते.
कौल आल्यावरही बाईला विचारायचे.
तूच टिपून ठेवायचास ना, कोण काय म्हणाली ते?
मला थंडी सोसत नाही.
वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं."

चादर अर्धी झाली.
घडी जुळवायला आम्ही जवळ आलो,
परत मागे सरलो.

"आणि तुझ्या वेळी?"

"नाही निघालं."

"ते कळलं होतं मला.
मी म्हणतेय, मला का नाही विचारलंस?"

टोक मुठीत धरून मी उभा.

"सोड," ती म्हणाली, "घडी मोडतेय."